आर्डिसचं भांडं

स्कोगन गावात कुणी कुणाला तोंडावर शिवी घातल्याचं ऐकिवात नाही. सभ्यपणा आमच्या हाडीमाशी खिळला आहे आणि त्यानंच आमचं वाटोळं केलं आहे. शेजाऱ्यानं तुमच्या कुंपणावर ट्रॅक्टर घातला तरी तुम्ही म्हणायचं, "असू दे हो, कुंपण जुनंच होतं." मग पुढची तीस वर्षं त्याच्या घरच्या लग्नाला जायचं, मयताला जायचं, त्याची कॉफी प्यायची आणि हवामानापलीकडे त्याच्याशी एक अक्षर बोलायचं नाही. अमेरिकेतल्या आयोवाच्या या कोपऱ्यात वैर असंच पाळतात, आणि चांगलं खाऊपिऊ घालून पाळतात.

आर्डिस ट्वेटन याच मातीतली. हालिंग कॉलेजात ती अध्यापनाचा वर्ग चालवायची, म्हणजे शाळामास्तर आणि मास्तरणी घडवायची. उंच, हाडकुळी बाई, केस कायम कानामागे खोचलेले. विद्यार्थ्यांशी बोलताना तिची जीभ विळ्यासारखी चालायची. एकाला ती म्हणाली होती, "तू पूर्ण तास फळ्याकडे बघून शिकवलंस. फळ्याला येतंच होतं ते." पण बरोबरीच्या माणसांसमोर तीच बाई मूग गिळून बसायची, कारण तिथे गावची रीत आडवी यायची.

हालिंग कॉलेजचा जन्मच मुळी भांडणातून झाला. माहितीपत्रकात 'ज्ञानाच्या ओढीनं' वगैरे छापलेलं असतं, ते सोडून द्या. दीडशे वर्षांपूर्वी नदीच्या पश्चिमेला एकच चर्च होतं आणि नॉर्वेहून आलेले सगळे शेतकरी त्यातच जायचे. त्यांच्यात वाद पेटला, की देव माणसाला आधीच निवडून ठेवतो की माणसाची श्रद्धा बघून निवडतो. पाद्र्यानं शहाणपणा करून हात वर करायला लावले आणि मोजले. एका हाताच्या फरकानं एक बाजू जिंकली. हरलेली बाजू त्याच दिवशी उठली, गोठलेल्या नदीवरून घोडागाड्या घालून पूर्वेला आली आणि तिनं आपलं वेगळं चर्च मांडलं. गावातले सगळे मास्तर जिंकलेल्या बाजूचे. त्यांनी इकडच्या पोरांना शिकवायला साफ नकार दिला. तेव्हा आमच्या पूर्वजांनी चर्चला कळस चढवायच्या आधी कॉलेज काढलं, कशासाठी, तर स्वतःचे मास्तर स्वतः तयार करण्यासाठी. पहिला वर्ग धान्याच्या कोठारात भरला. शेतकऱ्यांच्या पोरी हिवाळ्यात शिकायच्या आणि वसंतात माळावरच्या एकखोली शाळांमध्ये शिकवायला जायच्या.

पुढे काय आलं आणि काय गेलं! पाद्र्यांचा वर्ग आला, त्याच्याबरोबर ग्रीक आलं. ग्रीक गेलं. गायनवृंद आला, तो अजून आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर नर्सांचा वर्ग आला, मग दुग्धव्यवसायाचा हिशेब शिकवू लागले, मग रसायनशास्त्राला विटांची इमारत मिळाली. अध्यापनाचा वर्ग मात्र पहिल्या दिवसापासून होता. पन्नास मैलांच्या परिघात अशी एक शाळा नव्हती जिथे हालिंगचं माणूस फळ्यापुढे उभं राहिलं नाही.

आणि एक शपथही पहिल्या दिवसापासून होती. हालिंगमध्ये हात मोजायचे नाहीत. हात मोजले म्हणूनच गाव फुटलं, हे आमच्या आज्या-पणज्यांनी दुधाबरोबर पाजलेलं आहे. प्राध्यापकांच्या सभेत कॉलेजचे अध्यक्ष फक्त विचारणार, "कुणाचा विरोध आहे?" विरोध असेल त्यानं उभं राहायचं. दीडशे वर्षांत कुणीही उभं राहिलं नव्हतं. तशी वेळच यायची नाही, कारण सभेआधी कॉफी असायची आणि अध्यक्षांच्या घरून केक यायचा. प्रस्ताव पसंत असेल तर लोक केक खायचे. पसंत नसेल तर केकला कुणी हात लावायचं नाही. अध्यक्ष टेबलाकडे एक नजर टाकायचे, खाकरायचे आणि म्हणायचे, "या विषयावर मला अजून विचार करायचा आहे." विषय तिथेच मरायचा. कुणाला वाईटपणा घ्यावा लागायचा नाही. या रिवाजाचा आम्हाला केवढा अभिमान होता! मांजरासारखे डोळे मिटून दूध पीत होतो, दुसरं काय.

आर्डिसची पणजी त्या कोठारातल्या वर्गातली. आजी हालिंगची. आई पण हालिंगचीच. माळावरच्या शाळेत पहाटे शेगडी पेटवून मुलांचे हात आधी शेकायची, मग पाढे घ्यायची. या गोष्टीआधी आर्डिसनं आयुष्यात एकदाच रीत मोडली होती. तिनं नदीपलीकडच्या ऑर्लिन ट्वेटनशी लग्न केलं. ऑर्लिन तिच्यासाठी पूल ओलांडून पूर्वेच्या चर्चमध्ये आला. त्याच्या बहिणीनं, लवॉननं, भावाच्या लग्नात सुंदर केक केला, सगळ्यांना वाढला आणि त्यानंतर आर्डिसच्या घराची पायरी चढली नाही. ऑर्लिन गेला तेव्हा मात्र पायरीवर झाकलेलं भांडं ठेवून गेली, बेल न वाजवता. आर्डिसनं त्यात लोणच्याची बरणी ठेवून ते परत केलं, तेही बेल न वाजवता.

इथे एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे कुणी आजारी पडलं, कुणी मेलं, कुणी नवीन राहायला आलं, की शेजारीण काचेच्या चौकोनी भांड्यात बटाटा-मांसाचं भाजलेलं जेवण नेऊन देते. भांड्याच्या तळाला पट्टीवर तिचं नाव असतं. ते भांडं रिकामं परत करायचं नाही. चार सफरचंदं घाला, बिस्किटं घाला, अगदी बागेतला मुळा घाला. रिकामं भांडं परत आलं तर समजायचं की समोरच्यानं तुमच्याशी संबंध तोडला.

ब्रेंट केसलर अध्यक्ष होऊन आले ते ॲरिझोनाहून. गोरेपान, हसरे, पांढऱ्या दातांचे गृहस्थ. "मला नुसतं ब्रेंट म्हणा," असं पहिल्याच दिवशी म्हणाले, त्यामुळे सगळे त्यांना डॉक्टर केसलर म्हणू लागले. आर्डिसनं रीतीप्रमाणे भांडं नेऊन दिलं. आठवड्यानं ते परत आलं. लख्ख घासलेलं, आत छापील आभारपत्र आणि बाकी काही नाही.

"रिकामं?" रसायनशास्त्राच्या व्हर्लिन सादरनं विचारलं. व्हर्लिन तिचा शाळेपासूनचा मित्र, गोल चेहऱ्याचा, भित्रा आणि प्रेमळ.

"घासून पाठवलंय," आर्डिस म्हणाली.

"घासून!" व्हर्लिननं कॉफीचा कप खाली ठेवला. "त्याला माहीत नसेल गं."

"नसेलच. माहीत करून घ्यायची गरज वाटली नाही, हेच तर म्हणते मी."

त्या दिवसापासून आर्डिसला तो माणूस डोळ्यांसमोर नकोसा झाला. ते दारात भेटले की ती म्हणायची, "आज थंडी आहे." ते म्हणायचे, "हो ना, भयंकर!" आणि त्यांना वाटायचं, काय छान गप्पा झाल्या. शरदात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हाही ती भांडं घेऊन गेली. शत्रू झाला म्हणून रीत चुकवायची नसते. उलट त्या दिवशी तिनं मीठमसाला इतका नेमका घातला की खोड काढायला जागा राहू नये. हे दुसरं भांडं मात्र परत आलंच नाही.

त्याच हिवाळ्यात प्रस्ताव आला. अध्यापनाचा वर्ग बंद करायचा. विद्यार्थी कमी, खर्च जास्त. त्या जागी क्रीडा व्यवस्थापनाचा वर्ग, आणि तळमजल्यावर व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचा संघ. आर्डिसनं कागद दोनदा वाचला. ही नोकरीची गोष्ट नव्हती, तिची निवृत्ती तशी दोन वर्षांवर आली होती. पणजी, आजी, आई आणि आपण ज्या एका कामासाठी जन्मलो ते काम हा दात दाखवणारा माणूस एका दुपारी पुसून टाकणार, याचा तिला संताप आला.

तिनं कंबर कसली. म्हणजे आमच्या पद्धतीनं कसली. एकेकाच्या खोलीत गेली, हवेबद्दल बोलली, आणि उठताना म्हणाली, "सोमवारी केक असेल. मला वाटतं, मला काही भूक नसेल."

"मलाही नसेल," संगीतवाले म्हणाले.

"माझं पोट हल्ली बरं नसतंच," इतिहासवाल्या बाई म्हणाल्या.

व्हर्लिन म्हणाला, "आर्डिस, मी तर सोमवारी उपाशीच येईन आणि उपाशीच जाईन. पण समजा, त्याला नाही कळलं तर?"

"न कळायला काय झालं? एवढी सगळी माणसं, आणि केक तसाच. आंधळ्यालाही दिसेल."

"मग कुणीतरी उभं राहायला..."

"व्हर्लिन!" ती इतकी जोरात म्हणाली की तो दचकला. "पुन्हा गाव फोडायचंय का तुला?"

सोमवारी बर्फ पडत होतं. सभागृहात कॉफीचा वास दरवळत होता. मधल्या टेबलावर सफरचंद-दालचिनीचा केक होता, वरून लोणी आणि साखर भाजून खरपूस झालेला, आणि तो आर्डिसच्या भांड्यात होता. तिनं काचेतून तळाची पट्टी ओळखली.

केसलर टाळी वाजवून म्हणाले, "मंडळी, एक कबुली द्यायची आहे. मला अलीकडेच कुणीतरी सांगितलं, की इथे भांडं रिकामं परत करत नाहीत. आर्डिस, मागच्या वेळी चुकलो मी. या वेळी माझ्या बायकोनं खास तुमच्याच भांड्यात केक केलाय. आता सगळ्यांनी मिळून तो संपवा, मग आर्डिस, तुम्ही भांडं घरी न्या!"

लोक कपात बघून हसले. आर्डिस म्हणाली, "छान केलंत." माणूस अर्धी रीत शिकून आला होता, आणि ती अर्धीसुद्धा उलटी. भरून द्यायचं भांडं लोकांकडून रिकामं करून घेऊन तो तिच्या हातात देणार होता.

पण केकला कुणी शिवलं नाही. सगळी कॉफी संपली. संगीतवाले सुरीकडे बघत होते आणि हात मागे बांधून उभे होते. इतिहासवाल्या बाईंनी तर टेबलाकडे पाठ केली. दालचिनीचा तो वास, बाहेर बर्फ, दुपारचं कुणी धड जेवलेलं नाही, आणि तरी सगळे धरून राहिले. आर्डिसच्या डोळ्यांत पाणी आलं. आपली माणसं आपलीच असतात, असं तिला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं.

केसलरनी टेबलाकडे पाहिलं. "अरे वा, साखर सोडलीय वाटतं सगळ्यांनी! बरं, बसू या." सगळे बसले. त्यांनी प्रस्ताव वाचला. वाचून झाल्यावर म्हणाले, "तुमच्या परंपरेप्रमाणे विचारतो. कुणाचा विरोध आहे?"

सभा गप्प बसली. हालिंगच्या इतिहासातली ती सगळ्यात भरगच्च शांतता असेल. प्रत्येकाला वाटत होतं, केक बोलतोय ना, मग आपण कशाला? आर्डिस केकच्या अखंड चौकोनाकडे बघत वाट पाहत होती, की आता हा माणूस खाकरेल.

ते खाकरले नाहीत. "उत्तम! एकमतानं मंजूर. आता पार्किंगचा विषय. बर्फ काढणारी गाडी..."

आर्डिसला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिनं व्हर्लिनकडे पाहिलं, तो बुटाची नाडी बांधत होता. आपल्या विद्यार्थ्यांना ती पहिल्या दिवशी पहिला धडा हाच द्यायची, की वर्गाला 'समजलं का?' असं विचारून शांतता झाली तर पुढे जाऊ नका, कारण न समजलेलं पोरही गप्पच बसतं. आयुष्यभर तिनं हे दुसऱ्यांना शिकवलं होतं.

ती उभी राहिली. खुर्ची मागे सरकल्याचा कर्र आवाज झाला. दीडशे वर्षांत हा आवाज त्या खोलीनं ऐकला नव्हता.

"माझा विरोध आहे."

केसलर थांबले. "पार्किंगला?"

"नाही. आधीच्याला."

"आर्डिस, तो विषय झाला. मी विचारलं तेव्हा कुणी काहीच बोललं नाही."

"कुणी केक खाल्ला नाही!"

केसलरनी केककडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच काही उमटलं नाही. "केकचा काय संबंध?"

"संबंध आहे. यांना विचारा." ती वळली. तिचा आवाज आता कापत होता. "सांगा ना कुणीतरी! सगळ्यांनी मला शब्द दिला होता. सांगा याला!"

पण ती गोष्ट मोठ्यानं बोलली गेली आणि सगळ्यांना तिची लाज वाटू लागली. शिकलेली, पांढऱ्या केसांची माणसं, आणि म्हणे केक न खाऊन मत देतात. ॲरिझोनाच्या त्या माणसापुढे हे कोण उलगडून सांगणार? सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली.

तेवढ्यात केसलरच घाला घालून गेले, आणि तेही बिचाऱ्यानं कसलाही डाव न टाकता. त्यांचं तोंड एवढंसं झालं. ते हळूच म्हणाले, "म्हणजे... केक कुणाला आवडला नाही? माझी बायको सकाळपासून करत होती."

झालं. यजमानाचं मन दुखावलं! स्कोगनच्या माणसाला एक वेळ स्वतःचं घर जळलेलं चालेल, हे चालत नाही. व्हर्लिन ताडकन उठला, लालबुंद होऊन म्हणाला, "नाही हो नाही, किती छान दिसतोय! आम्ही आपले सभा संपायची वाट बघत होतो." आणि त्यानं सुरी घेऊन कोपऱ्यातला, सगळ्यात खरपूस तुकडा कापला.

मग इतिहासवाल्या उठल्या. मग संगीतवाले. "वा, दालचिनी काय घातलीय!" "कृती मागून घ्यायला हवी." रांग लागली. पोटात कावळे ओरडत होतेच. केसलरांचा चेहरा फुलला, ते स्वतः बशा वाटू लागले. आर्डिस उभीच होती. तिच्यासमोर तिच्या भांड्याचा तळ हळूहळू उघडा पडत गेला आणि शेवटी काचेतून तिच्या नावाची पट्टी दिसली.

व्हर्लिननं कोपऱ्यातल्या नळावर भांडं घासलं, पुसलं आणि तिच्याजवळ आणून दिलं.

"आर्डिस, अशी चिडू नकोस गं."

"तू खाल्लास."

"त्यांना वाईट वाटलं होतं ना."

"आणि मला?"

व्हर्लिननं खिडकीबाहेर पाहिलं. "बर्फ वाढलंय," तो म्हणाला. "गाडी जपून चालव."

वर्ग त्या वसंतात बंद झाला. शेवटच्या पोरांच्या पदवीदानाला आर्डिस गेली, त्यांच्या टोप्या सरळ केल्या आणि भोजनाला न थांबता निघून आली. निवृत्तीही दोन वर्षं आधीच आली, पण तिचा समारंभ तिनं नाकारला. तरीही लोक तिच्या दारी झाकलेली भांडी ठेवून गेले. तिनं ती सगळी घासली आणि ज्याची त्याला परत केली, रिकामी. व्हर्लिनचं सगळ्यात आधी. त्याची बायको ते भांडं छातीशी धरून स्वयंपाकघरात रडली म्हणतात.

पुढच्या रविवारी आर्डिसनं गाडी पुलावर घातली आणि ती पश्चिमेच्या चर्चमध्ये जाऊन बसली. तिच्या घराण्यातलं कुणी दीडशे वर्षांत त्या दारातून आत गेलं नव्हतं. नेमकी ट्वेटनांच्या बाकावर जागा होती. तिथे बसलेल्या नणंदेनं, लवॉननं, पर्स उचलून मांडीवर घेतली.

"वाट चुकलीस का?" लवॉन समोर बघतच म्हणाली.

"नाही."

"ऑर्लिन असताना आली असतीस तर बरं झालं असतं."

"हो," आर्डिस म्हणाली. "झालं असतं."

लवॉननं प्रार्थनेचं पुस्तक दोघींच्या मध्ये धरलं.

हिवाळ्यात त्या चर्चची वार्षिक सभा झाली, तोवर आर्डिस तिथली सभासद झाली होती. विषय काय, तर जमिनीवर हिरवा गालिचा घालायचा. पाद्रीबाई म्हणाल्या, "बाजूनं असतील त्यांनी हात वर करा." अख्खं चर्च हात वर करून बसलं, लवॉनसुद्धा. बाईंनी एकेक बाक सावकाश मोजला. मग विचारलं, "आणि विरोधात?"

आर्डिसला गालिच्याचं काही पडलं नव्हतं. हिरवा काय आणि तांबडा काय. पण तिचा हात वर गेला, कोपर ताठ, तिच्या वर्गातल्या पोरांना उत्तर देताना जसा वर करायला लावायची तसा. सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. लवॉन पुटपुटली, "अगं, काय चाललंय तुझं?"

हात खाली आला नाही. पाद्रीबाईंनी तिच्याकडे बोट केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं मोजलं, "एक."